१०८० टीआय काढून ए२००० घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये जिग-फिक्स्चर (यंत्रावर भाग पकडून ठेवणारी साधनं) डिझाइनचं छोटं ऑफिस आहे. दिवसभर सॉलिडवर्क्स हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर चालतं, महिन्यातून चार-दोन वेळा ग्राहकाला दाखवायला ब्लेंडर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे खऱ्यासारखं दिसणारं चित्र, निघतो. मशीनमध्ये एनव्हिडियाचं २०१७ सालचं जीटीएक्स १०८० टीआय हे गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आहे आणि मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) फिरवताना चित्र अडखळतं. विक्रेता म्हणतो, आरटीएक्स ए२००० हे वर्कस्टेशनचं, म्हणजे डिझाइनसारख्या व्यावसायिक कामासाठीचं, कार्ड घ्या, बारा जीबीचं. तुम्ही दोन्ही कार्डांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले आणि चक्रावलात, कारण नवं कार्ड कागदावर जुन्यापेक्षा कमी भरतंय. मग पैसे कशाचे द्यायचे?

आकडे तुम्ही बरोबर वाचलेत. १०८० टीआयमध्ये ३५८४ कुडा कोअर (कार्डातले गणित करणारे छोटे भाग), ए२००० मध्ये ३३२८. जुन्याची मेमरी ११ जीबी, जीडीडीआर५एक्स प्रकारची, ३५२ बिट रुंद, सेकंदाला ४८४ जीबी डेटा हलवणारी. नव्याची १२ जीबी, जीडीडीआर६, पण १९२ बिट आणि सेकंदाला २८८ जीबी. साध्या गणिताची कच्ची ताकद जुन्यात साधारण ११.३ टेराफ्लॉप (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी गणितं), नव्यात ८. घरी मुलगा गेम खेळत असेल आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणं) बंद ठेवत असेल, तर १०८० टीआय आजही ए२००० ला मागे टाकतं. हे विक्रेत्यानं सांगितलं नसणार.

तरी माझं मत: तुमच्या कामासाठी बदला. मात्र आधी मशीनमध्ये दोन गोष्टी तपासा, कारण अडखळण्याचं निम्मं कारण कदाचित कार्डात नसेलच.

सॉलिडवर्क्समधली सगळी डॉक्युमेंट बंद करा. एक जरी उघडी असेल तरी पुढची टिक बदलता येत नाही, ती फिकट दिसते, आणि लोक ‘आमच्याकडे हा पर्यायच नाही’ म्हणून सोडून देतात. मग ऑप्शन्समध्ये सिस्टिम ऑप्शन्स, तिथे परफॉर्मन्स. तळाशी ‘युज सॉफ्टवेअर ओपनजीएल’ अशी एक चौकट आहे. तिथे टिक असेल, तर तुमचं कार्ड खुर्चीवर नुसतं बसलेलं आहे आणि चित्र काढण्याचं काम प्रोसेसर करतोय. कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर पसंत पडला नाही की सॉलिडवर्क्स कधी कधी ही टिक स्वतःच लावून घेतं. विंडोजच्या अपडेटमध्ये ड्रायव्हर परस्पर बदलला गेला की असं झालेलं मी ठाण्यात आणि रबाळे-महापेच्या ऑफिसांत बरेचदा पाहिलं आहे. टिक काढून असेंब्ली पुन्हा फिरवून बघा.

दुसरी तपासणी इव्हॅल्युएट टॅबमधल्या परफॉर्मन्स इव्हॅल्युएशनची. उघडायला किती वेळ लागला, रीबिल्डला किती, कुठल्या फीचरनं किती खाल्ला, सगळं तिथे दिसतं. फाइल उघडायला वेळ लागत असेल तर डिस्क आणि नेटवर्क पाहा. एखादं माप बदलल्यावर मॉडेल परत बांधायला वेळ लागत असेल, तर तो प्रोसेसरच्या एकाच कोअरचा खेळ आहे, कुठलंही कार्ड त्यात मदत करणार नाही. ड्रॉइंग शीटवर दहा व्ह्यू टाकून बसण्याचा वेळही बहुतांशी प्रोसेसरकडेच जातो. कार्डाचा संबंध येतो तो मॉडेल फिरवताना, झूम करताना, सेक्शन काढताना आणि पारदर्शक भाग दाखवताना. फिरवताना टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डातल्या चिपचा, आलेख उघडा ठेवा. जीपीयू वीस-तीस टक्क्यांवर लोळतोय आणि चित्र मात्र तुटक येतंय, हा नमुना दिसला तर मामला ड्रायव्हरचा किंवा प्रोसेसरचा आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ए२००० मध्ये जी चिप आहे, तिचं नाव जीए१०६. नेमकी हीच चिप आरटीएक्स ३०६० या गेमिंग कार्डातही आहे, आणि तिथे तिचे ३५८४ कोअर चालू ठेवलेत. म्हणजे वर्कस्टेशनच्या कार्डात त्याच चिपचे थोडे भाग बंद केलेले, चिपचा वेग (क्लॉक) खाली आणलेला, वीज ७० वॉटला बांधलेली. तुमच्या १०८० टीआयचंही तसंच आहे. त्यातली जीपी१०२ चिप क्वाड्रो पी६००० मध्येही होती, तिथे ३८४० कोअर आणि २४ जीबी मेमरीसह. सिलिकॉन दोन्हीकडे तेच. वर्कस्टेशनच्या नावाखाली तुम्ही विकत घेता तो ड्रायव्हर, सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्यावर केलेली तपासणी, आणि कमी विजेवर दिवसभर शांतपणे चालण्याची शिस्त.

हा ड्रायव्हरचा फरक सॉलिडवर्क्समध्ये उघड दिसतो, कारण ते ओपनजीएल या कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या पद्धतीवर चालतं. जीफोर्सचा, म्हणजे तुमच्या १०८० टीआयसारख्या गेमिंग कार्डांचा, ड्रायव्हर गेमसाठी घासून-पुसून तयार केलेला असतो. कॅडमध्ये लागणाऱ्या काही ओपनजीएल कामांना तो पूर्ण वेग देत नाही: रेषांच्या कडा मऊ करणं, पृष्ठभागाच्या दोन्ही बाजूंना प्रकाश देणं, एकावर एक पारदर्शक भाग बरोबर क्रमानं काढणं. म्हणून ‘शेडेड विथ एजेस’ मोडमध्ये हजारभर भागांची असेंब्ली फिरवली की १०८० टीआय धापा टाकतं आणि नुसत्या ‘शेडेड’ला तेच मशीन पळायला लागतं. तुम्ही एवढंच करून पाहा, खर्च शून्य. कडा बंद केल्यावर फरक पडला तर वर्कस्टेशन कार्डानं फायदा होणार, हे जवळपास नक्की.

मॉडेल खऱ्यासारखं दाखवणाऱ्या रिअलव्ह्यूचं बटणही तसंच. प्रमाणित, म्हणजे सॉलिडवर्क्सनं तपासून मान्य केलेल्या, कार्डावर ते चालू होतं, जीफोर्सवर फिकट राहतं. रजिस्ट्रीत बदल करून ते जिवंत करायच्या युक्त्या फिरतात आणि चालतातही, पण ऑफिसच्या मशीनवर करू नका. नवीन आवृत्ती आली की ते सगळं पुन्हा करावं लागतं, आणि मॉडेलच्या पृष्ठभागावर चित्रविचित्र त्रिकोण दिसू लागले तर सपोर्टवाला पहिला प्रश्न कार्डाचाच विचारतो. प्रमाणित यादीत नाव नसलं की फोन तिथेच संपतो. तीस माणसांच्या ऑफिसात हे कोणी अंगावर घेऊ शकेल, दोन माणसांच्या ऑफिसात डिलिव्हरीच्या आदल्या रात्री नाही परवडत.

एक बाजू मात्र दुसरीही आहे. सॉलिडवर्क्सनं २०१९ च्या आवृत्तीपासून चित्र काढण्याची पद्धत बदलायला घेतली आणि बरंच काम प्रोसेसरकडून कार्डावर ढकललं. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर महागडं कार्ड घालूनही फार फरक दिसणार नाही. ए२००० घेण्याआधी आवृत्ती बघा. ऑटोकॅडच्या टूडी कामालाही हे सगळं लागू नाही. तिथे १०८० टीआय काय आणि त्याच्या पावपट ताकदीचं कार्ड काय, ड्राफ्ट्समनला पत्ताही लागणार नाही.

ब्लेंडरचं चित्र वेगळं आहे आणि तिथे कागदावरचे आकडे सर्वात जास्त फसवतात. १०८० टीआय पास्कल पिढीचं. त्यात किरणांचा माग काढायला वेगळे कोअर नाहीत, एआयच्या गणितासाठीचे टेन्सर कोअरही नाहीत. ए२००० ॲम्पिअर पिढीचं, २०२१ सालचं, त्यात दोन्ही आहेत. ब्लेंडरमधला रेंडर काढणारा भाग म्हणजे सायकल्स; त्यासाठी प्रेफरन्सेसमधून ऑप्टिक्स हा पर्याय निवडला की किरण कुठे आपटतो हे शोधायचं काम त्या खास कोअरांकडे जातं आणि आठ टेराफ्लॉपचं कार्ड अकरा टेराफ्लॉपच्या कार्डाला मागे टाकतं. ऑप्टिक्स जुन्या कार्डावरही निवडता येतं, चालतंही, फक्त मदतीला ते कोअर नसतात. ए२००० घालून कोणी ‘काही फरक नाही’ म्हणालं, की मी आधी तीच सेटिंग उघडून बघतो. तिथे ऑप्टिक्सऐवजी कुडा हाच पर्याय राहिलेला असतो.

मेमरीच्या बाबतीत विक्रेत्यानं १२ जीबीचं सांगितलं हे बरं केलं. ए२००० आधी ६ जीबीत आलं, १२ जीबीचं त्यानंतर. बाजारात दोन्ही फिरतात, दिसायला सारखी, आणि कोटेशनमध्ये नुसतं ‘ए२०००’ लिहिलेलं असतं. ६ जीबीचं घेतलंत तर ११ वरून खाली येणार, आणि टेक्स्चर भरलेला सीन कार्डात मावला नाही की रेंडर मुख्य मेमरीतून सरकत सरकत निघतो किंवा थेट बंद पडतो. बिलावर ‘१२ जीबी’ लिहून घ्या.

सिम्युलेशनसाठी वर्कस्टेशन कार्ड हवंच, असा एक समज पक्का बसलाय. सिम्युलेशनला लागणाऱ्या दुहेरी अचूकतेच्या (जास्त अंकांपर्यंत नेमक्या) गणितात ए२००० चा वेग साध्या गणिताच्या चौसष्टाव्या हिश्श्याचा, १०८० टीआयचा बत्तिसाव्या हिश्श्याचा. म्हणजे तिथे जुनंच जवळजवळ तिप्पट पुढे, आणि दोन्ही उपयोगाची नाहीत. सॉलिडवर्क्स सिम्युलेशनचा भार तसाही प्रोसेसर आणि रॅमवर असतो. ए२००० मध्ये ईसीसी (चुका पकडून दुरुस्त करणारी) मेमरी चालू करता येते. फिक्स्चरच्या ड्रॉइंगला त्याची गरज नाही, बंदच राहू द्या. ऑफिसात स्वतःच्याच मशीनवर प्रश्नांना उत्तरं देणारं एआय भाषा-मॉडेल चालवायचं डोक्यात असेल, तर उत्तर लिहिताना मेमरीचा वेग मोजला जातो आणि तिथे ४८४ जीबीवालं जुनं कार्ड शब्द भराभर काढतं. चित्र बनवणारी मॉडेल मात्र टेन्सर कोअरवर पळतात, तिथे नवं पुढे.

आता वीज. विक्रेते ‘२५० वॉटवरून ७० वर, लाइट बिल निम्मं’ असं सांगतात. हिशेब मांडू. पूर्ण भारावर फरक १८० वॉटचा. रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, दोन्ही कार्डं सतत पूर्ण ताकदीनं चालली तर महिन्याला ३६ युनिट. युनिटला सोयीसाठी दहा रुपये धरा, ३६० रुपये झाले. प्रत्यक्षात सॉलिडवर्क्स कार्डाला सतत कामाला लावत नाही, तुम्ही विचार करत बसता तेव्हा कार्डही बसलेलं असतं. त्यामुळे महावितरणच्या बिलात दिसेल अशी बचत होणार नाही. बिलासाठी कार्ड बदलायचं असेल तर पैसे खिशात ठेवा.

विजेचा खरा फायदा यूपीएसवर आहे, आणि तो कोणी सांगत नाही. छोट्या ऑफिसांत टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस असतो. त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॉट. १०८० टीआय भारावर २५० घेतं, वर प्रोसेसर शंभराच्या आसपास, मॉनिटर, डिस्क, पंखे. बेरीज चारशेच्या पुढे. रेंडर चालू असताना लाइट गेली की असा यूपीएस एकदा किंचाळतो आणि सगळं एका झटक्यात काळं होतं. मालक म्हणतो बॅटरी गेली, नवी बॅटरी घालतो, पुढच्या पावसात तेच. ए२००० घातल्यावर तीच बेरीज अडीचशेच्या आत येते, आणि त्याच यूपीएसवर फाइल सेव्ह करून मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. पावसाळ्यात वागळेत काय किंवा नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात काय, लाइटचा लपंडाव ज्यांनी अनुभवलाय त्यांना ही गोष्ट कोअरच्या संख्येपेक्षा महत्त्वाची वाटेल.

एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचंही तेच. १०८० टीआयला एनव्हिडिया ६०० वॉटचा एसएमपीएस सुचवते आणि मूळ डिझाइनच्या कार्डाला आठ पिनांची एक, सहा पिनांची एक अशा दोन वायर लागतात. तुमचा एसएमपीएस कार्डाच्याच वयाचा असेल तर त्याचीही वर्षं भरत आलीत. ए२००० ला वेगळी वायरच नाही, ते सगळी वीज स्लॉटमधून घेतं. म्हणून ते कंपन्यांच्या लीजवरून सुटलेल्या छोट्या केबिनेटच्या ब्रँडेड मशीनमध्येही बसतं, जिथे १०८० टीआय आत शिरणारही नाही.

जुन्या कार्डाच्या विरोधात सर्वात जड मुद्दा मात्र वयाचा. पास्कलसाठी गेमचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवायचे आणि पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाहीला फक्त सुरक्षेचे अपडेट द्यायचे, असं एनव्हिडियानं जाहीर केलं. कुडा या एनव्हिडियाच्या सॉफ्टवेअरच्या १३ व्या आवृत्तीनंही पास्कलला वगळलंय. याचा अर्थ कार्ड उद्या बंद पडेल असा नाही. पण पुढच्या आवृत्तीच्या सॉलिडवर्क्सला किंवा ब्लेंडरला काही खुपलं, तर दुरुस्ती येणार नाही. तुमचे ग्राहक नव्या आवृत्तीत फाइल पाठवायला लागले की तुम्हालाही आवृत्ती चढवावी लागते, कारण ग्राहकानं मुद्दाम जुन्या आवृत्तीसाठी सेव्ह करून दिली नाही, तर सॉलिडवर्क्सची नवी फाइल जुन्या आवृत्तीत उघडून काम करता येत नाही. अडचण तिथे सुरू होते.

पर्यायांबद्दल. तुमचं काम ऐंशी टक्के ब्लेंडर आणि वीस टक्के सॉलिडवर्क्स असतं, तर मी सरळ आरटीएक्स ३०६० बारा जीबी सांगितलं असतं. तीच चिप, जास्त कोअर, सेकंदाला ३६० जीबी, १७० वॉट, आणि वर्कस्टेशनचा अधिभार नाही. तुमचं उलट आहे म्हणून ए२०००. बजेट थोडं ताणता येत असेल तर आरटीएक्स २००० एडा विचारून बघा, २०२४ सालचं, १६ जीबी, तेवढ्याच ७० वॉटमध्ये. त्याचा मेमरीचा वेग आणखी कमी, २२४ जीबी, तरी साध्या गणितात ते १२ टेराफ्लॉपवर जातं. असेंब्ली खूपच मोठ्या असतील तर ए४०००: एकाच स्लॉटची जाडी, १६ जीबी, ४४८ जीबीचा वेग, १४० वॉट, सहा पिनांची एक वायर. जिग-फिक्स्चरला ते जास्तच होईल.

नवं घ्यायचं की सेकंडहँड, हा प्रश्न येणारच. ऑफिसच्या नावे जीएसटीचं बिल घेतलंत तर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं, शिवाय वॉरंटी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात किंवा लीजच्या मालात कार्ड स्वस्त दिसतं, पण बिल कच्चं आणि ‘टेस्टिंग वॉरंटी’ आठवड्याची. हा फरक मांडून मगच स्वस्त म्हणा. आणि ‘वर्कस्टेशनचं कार्ड’ एवढ्या शब्दांवर भुलू नका. क्वाड्रो के२००० हेही वर्कस्टेशनचंच, पण केप्लर पिढीचं, त्याचे ड्रायव्हर ४७० च्या मालिकेवर केव्हाच थांबले. क्वाड्रो पी२००० तुमच्या १०८० टीआयच्याच पिढीचं, १०२४ कोअर आणि ५ जीबी. दोन्ही अजून ‘कॅडसाठी खास’ म्हणून विकली जातात.

ए२००० सेकंडहँड घेत असाल तर दोन बारीक गोष्टी. नव्या खोक्यात आखूड आणि पूर्ण उंचीची अशा दोन पट्ट्या येतात, कार्ड केबिनेटला मागच्या बाजूनं स्क्रूनं धरणारी ती धातूची पट्टी. लीजवरून सुटलेल्या कार्डाला बहुधा आखूड पट्टी लागलेली असते आणि लांब पट्टी हरवलेली. तुमच्या टॉवर केबिनेटमध्ये मग कार्ड नुसतं स्लॉटवर लटकतं, मॉनिटरची केबल जरा ओढली गेली की तिरकं होतं आणि स्क्रीन जाते. पट्टी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट केबलची. १०८० टीआयला एचडीएमआय होतं. ए२००० ला चारही मिनी डिस्प्लेपोर्ट. १०८० पी मॉनिटरला साधी मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबल चालते. फोरके मॉनिटर ६० हर्ट्झवर हवा असेल तर ॲक्टिव्ह ॲडॉप्टर घ्या, नाहीतर ३० हर्ट्झवर अडकून माउस ओढल्यासारखा वाटतो आणि शिव्या नव्या कार्डाला बसतात. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याचीच केबल घ्या, प्रश्नच मिटला.

जुनं कार्ड काढायच्या आधी त्याचा ड्रायव्हर पूर्ण उतरवा, मग मशीन बंद करून ए२००० बसवा, आणि सॉलिडवर्क्सच्या प्रमाणित यादीत तुमच्या आवृत्तीसमोर जो ड्रायव्हर दिलाय तोच टाका, सगळ्यात ताजा नव्हे. विंडोजला स्वतःहून ड्रायव्हर बदलू देणारी सेटिंग बंद करा. १०८० टीआय भंगारात देऊ नका. फुंकणीनं धूळ काढून, वाळलेली पेस्ट बदलून ते घरच्या मशीनला लावा. भारावर तापमान ८४ अंशांच्या आसपास चिकटून बसत असेल तर कार्ड स्वतःचा वेग उतरवत होतं, आणि ऑफिसात ते मंद वाटण्यामागे तेही एक कारण असू शकतं. गेमला अजून दोन-तीन वर्षं ते हसत चालेल, फक्त घरच्या मशीनचा एसएमपीएस ६०० वॉटचा आहे ना, एवढं बघून घ्या.